यंदा ज्वारीत मूग पेरला नाही

मित्रहो, आज दुपारच्या पावसानं आमच्या उताराच्या वावरातली माती खरवडून नेली. ज्वारीची मुळं उघडी पडली, खालचा मुरूम दिसून राह्यला.

बाबा दरवर्षी ज्वारीच्या ओळींमधी मूग पेरत. त्याचा पाला जमीन झाकून ठेवे. औंदा बाबा खाटेवर पडले, पेरणी मी केली. ज्वारीतलं तणनाशक मारलं की मूगही मरते, म्हणून मूग पेरलाच नाही. निंदणाचा तरास वाचवला!

खालच्या वावरातल्या शांताकाकूनं हाक मारली. "पाह्य, माह्या मुगात अडकली तुही माती. टोपल्यानं नेशीन वापस?"

घरी आलो तं बाबानं विचारलं, "मूग फुलावर आला काय रे?"

मी "हो" म्हणालो. तुमी काय म्हटलं असतं?