कोपरापर्यंत पाणी

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कालव्याच्या चौकीवर पेढे वाटले होते. ते नगर जिल्ह्यात पाटकरी होते. दारं उघडून शेतांना पाणी सोडायचं, हेच त्यांनी नोकरीभर केलं. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला तेव्हा नवऱ्याच्या फौजेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला, खातीपुऱ्यात होतो. मी त्यांना तिथे घेऊन आले. उपकार म्हणून नाही. लेकाइतकाच हक्क लेकीचाही होता.

लेकीच्या घरी राहणं त्यांना जड गेलं. त्याहून जड गेलं लेकीच्या हातून जेवणं. डावा हात अन्नाला लावायचा नाही, हा त्यांचा नेम. म्हणून मी भरवायची आणि ते भिंतीकडे बघत दोन-चार घास गिळायचे, मग मान फिरवायचे. दिवसेंदिवस वाळत चालले होते.

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे. कलकत्त्याला असताना ते एका चिनी दंतवैद्याकडून श्वासाची क्रिया शिकले होते. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती असते, ती श्वासाने आणि मनाने फिरवायची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. म्हटलं, “सुभेदारजी, ऐसी कोई नस होती नहीं.”

“मैडम, नस की बात कौन कर रहा है? इन्हें बैठने तो दो.”

सकाळी गच्चीवर दोघं बसायचे. जीभ टाळूला लावायची. श्वास घेताना बेंबीखाली ऊब गोळा करायची. सोडताना ती माकडहाडापासून कण्याने वर डोक्यात न्यायची, मग कपाळावरून, छातीवरून परत खाली. “सोचिए, रोशनी घूम रही है.”

पहिले काही दिवस अण्णा नुसते बसून उठले. मग मला म्हणाले, “त्यांना इचार, मला उजेड काय दिसंना. पानी धरलं तर चालंल का?”

“चलेगा,” सुभेदार म्हणाले.

मग मात्र अण्णा कामाला लागले. बेंबीखाली धरण, कणा म्हणजे कालवा, खांद्याशी दार, तिथून फुटणारी चारी, म्हणजे छोटा पाट, तो उजवा हात. साहेबाला सांगावं तसं मला रोज सांगायचे. “आज दंडात उतरलं.” मग, “कोपराशी अडलंय. गाळ हाये.” त्यांचे डोळे मिटलेले असताना मी पेन्सिलीचं टोक त्यांच्या बोटांना लावून बघायची. त्यांना कळायचं नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी, गच्चीवर डोळे मिटून बसलेले असतानाच त्यांनी विचारलं, “तू शिकल्याली हायेस. खरं सांग. खाली उतरंल का पानी?”

“नाही वाटत, अण्णा. डॉक्टरही तेच म्हणतात.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पोट वर-खाली होत होतं, आधीसारखंच सावकाश.

“कालव्याच्या शेवटी, टेलच्या रानाला पाणी पोचलं नाही तर तुम्ही काय करायचा?” मी विचारलं.

“दुसऱ्या चारीनं फिरवून द्यायचं. लोक वराडायचे. वराडू द्यायचं.”

दुपारी मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि घास केला. त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि ताट सरकू नये म्हणून काठावर ठेवला. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग डाव्या हाताने भाकरी मोडली.

माझ्या हातात घास तसाच होता.

“तो तू खा,” ते म्हणाले. “कालवण गार होतंय.”