रशिदाबाईंनी धाडलेली तार

आदरणीय रशिदाबाईंशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे आधीच कबूल करतो. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव अंकात असं लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. माझी शाळा सातवीत सुटली आणि तेव्हापासून मी रस्त्याच्या कामांवर परमुलखात फिरतो आहे. पाय एका जागी ठरत नाही.

आमच्या शेळगावच्या वस्तीवर अंगणवाडी निघाली तेव्हा ती चालवायला बाई गावातून रोज चालत येत. मी सुटीवर घरी होतो. माझी लेक रुपा दीड वर्षाची झाली तरी मान धरत नव्हती. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढ उशिरा होईल. किती होईल ते सांगता येणार नाही. अशात एका सकाळी बाईंनी अंगणात येऊन माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

"कशाची?"

"रुपानं मान धरली. दहा आकडे मोजले मी."

माझ्या वडिलांचा, आबांचा, जन्म मेंढरांमागं गेला. ते ओसरीवरून म्हणाले, "बाई, आमचं कोकरू तासाभरात उभं ऱ्हातं. त्याची कुणी साखर वाटत न्हाय."

"आन् जे उठत न्हाय, त्याचं काय करता आबा?"

"घोंगड्यात घालून पाठीवर न्हेतो."

"टाकून न्हाय देत?"

"कोकरू कुणी टाकतंय व्हय!"

"मग झालं की."

मला मात्र ती साखर म्हणजे थट्टा वाटली. मी साखर भिरकावून दिली. बाई रागावल्या नाहीत. "मुंग्यांची दिवाळी," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी जो निघालो तो दीड वर्ष परतलो नाही.

पत्रं येत. रुपानं बांगडी पकडली. रुपानं भाकरीचा तुकडा चावून खाल्ला. रुपा भिंतीला टेकून बसली. अक्षर बाईंचं असे, कारण माझ्या पत्नीला, सुमनला, लिहिता येत नाही. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. बाई मात्र दर आठवड्याला सुमनला घेऊन एसटीनं बारामतीला जात, डॉक्टरांकडून व्यायाम शिकून येत आणि अंगणवाडी सुटल्यावर रुपाचे पाय चोळत बसत. त्यांच्या सांगण्यावरून आबांनी अंगणात दोन बांबू आडवे बांधले, रुपाला धरून उभं राहायला. एवढ्याएवढ्या गोष्टीला बाई सगळ्या पोरांच्या हातावर साखर ठेवत. "आमचा साखर कारखाना रुपाच चालिवती," असं आबा म्हणू लागले होते म्हणे.

आणि एके दिवशी आंध्रातल्या आमच्या कामावर माझ्या नावाची तार आली.

आमच्याकडं तार म्हणजे मयत. ती उघडायची नाही, गावाची वाट धरायची. मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढली, सोबत्यांनी पिशवी भरून मला गाडीत बसवलं. तारेतलं इंग्रजी मला येत नाही, पण शेजारी शिकलेला माणूस बसला होता, त्यानं वाचून दिली असती. मी खिशातून काढलीच नाही. दौंड यायच्या आधी कधीतरी माझ्या मनात आलं, सुटली पोर. आणि पाठोपाठ आलं, सुटलो मी. तारेनं बसला नव्हता एवढा धक्का मला माझ्याच मनाचा बसला. तो अजून गेलेला नाही.

वस्तीवर पोचलो तर अंगणात ही एवढी माणसं. बायका, पोरं, सगळे बसलेले. मी तिथंच हंबरडा फोडला. पोरं घाबरून रडू लागली. आबा धावत आले, "आरं, मेलं कोण?"

मी मान वर केली. दोन्ही बांबू धरून रुपा उभी होती. पाय लटपटत होते, पण उभी होती आणि माझ्या रडण्याकडं डोळे फाडून बघत होती. बाईंनी त्या आठवड्यात अंगणवाडीच आमच्या अंगणात भरवली होती.

"तार वाचली न्हाय का?" बाईंनी विचारलं. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी फोडून वाचून दाखवलं, "रुपा उभी राहिली. या." पोस्टमास्तरांनीही त्यांना हटकलं होतं, असलं कुणी तारेनं कळवत नाही म्हणून. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मरणाला तार आन् उभं ऱ्हायला पोस्टकार्ड? ह्यो कुठला न्याय?" आता मात्र माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "दत्तू, माझं चुकलं रं. दोन दिस तू काय काळजानं आलास!"

मी म्हणालो, "बाई, मला वाटलं, सुटली."

बाईंनी तारेची घडी करून माझ्या खिशात घातली. मग म्हणाल्या, "हात धुऊन ये. धर तिला. दमली ती."

मी हात धुऊन आलो. रुपानं एक हात बांबूवरून सोडला आणि माझं बोट धरलं. माझ्या दुसऱ्या हातावर बाईंनी साखर ठेवली. ती मी खाल्ली.

आजही मी लांबच आहे, पण उत्तरं लिहितो आणि दिवाळी चुकवत नाही. त्यानंतर बाईंच्या दोन तारा आल्या. पहिल्या पावलाची एक, "आबा" म्हटल्याची एक. आता आमच्या कामावर तार आली की मुकादम टोपी काढत नाहीत. आधी फोडतात, मग साखर मागवतात. "बाबा" अजून यायचं आहे. बाईंच्या पायांना वस्तीपर्यंत चालायचं बळ राहो, नजर शाबूत राहो, भरपूर आयुष्य मिळो. आणि त्या शब्दाची तार त्यांच्याच हातची येवो. मी वाट बघतो आहे.