बोर्डवाले काका आणि त्यांची डबी

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हुडकेश्वरच्या आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर झाली. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी आणि सतरा सभासद हजर होते. सूचना दाखवणाऱ्या टीव्हीसाठी नऊ हजार चारशे रुपये मंजूर झाले. त्याच्या आठवडाभर आधी तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, कुहीचे एकटे राहणारे गुरुजी, वारले होते. गेटजवळच्या फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही आणि खांदा द्यायला चार माणसं जमवताना दुपार झाली. म्हणून बोर्डवाले काका सभेत उभे राहिले. "माणूस गेला अन् खालच्या मजल्याले माहीत नाही, तं एका बिल्डिंगीत राहून फायदा काय?"

काका बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत देखभाल खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांना सूचनांच्या बोर्डाच्या या उद्योगाचा नाद लागला. मंजूर पैशांतून लिफ्टसमोर त्यांनी जुना टीव्ही लावला आणि त्याच्या मागे काडेपेटीहून जरा मोठा, एकाच सर्किटच्या पट्टीवर मावणारा संगणक चिकटवला. त्याला आम्ही डबी म्हणत असू. सॉफ्टवेअर कोणालाही फुकट घेता येईल आणि उघडून तपासता येईल असं होतं. सगळ्या सूचना काकांच्या बैठकीतल्या जुन्या संगणकावरून निघत. "आपल्या घरची गोष्ट आपल्याच घरून सांगाव," असं ते म्हणत.

येता-जाता ते डबीला उलटा हात लावून पाहत. एकदा सेक्रेटरींनी विचारलं, "काय करून राहिले काका?"

"ताप पाहून राहिलो. उन्हाळा मलेच सोसत नाही, तं याले काय सोसते!"

माणूस मात्र सोपा नव्हता. पाण्याच्या टँकरची वेळ सांगायला गेलं तरी "कोणी सांगतलं? तू स्वतः इचारलं का गा?" अशी उलटतपासणी होई. वाढदिवसाच्या शुभेच्छा ते लावत नसत. नगरसेवकाचा फोटो लावला नाही म्हणून आमच्या अध्यक्षांशी त्यांचं कायमचं बिनसलं. पण कोणी गेलं की दहा मिनिटांत पडद्यावर नाव, घर क्रमांक आणि निघण्याची वेळ येई. लोक लिफ्टसमोर थांबत, वाचत आणि चप्पल घालून निघत. दोन वर्षांत आमच्या इमारतीतून कोणी चार माणसांच्या भरवशावर गेलं नाही.

त्यांची चूक एकच होती, आणि ती मोठी होती. पासवर्ड त्यांनी कोणालाच दिला नाही. मी दोनदा मागितला. "देतो गा, पळून चाललो का मी?" असं म्हणून ते हसले. मग त्यांची बायपास झाली. ते दवाखान्यात असताना पडद्यावर "उद्या पाणी येणार नाही" एवढंच झळकत राहिलं. बायका रोज उगाच पिंप भरत. शेवटी वॉचमननं टीव्हीची पिन प्लगमधून काढून तो बंद केला.

त्याच आठवड्यात जाहिरात कंपनीचा माणूस आला. नवे टीव्ही फुकट, वर जागेचं भाडं महिन्याला दीड हजार. सभेत विरोधात दोन हात वर झाले. एक माझा, एक काकूंचा.

काका घरी आले ते लिफ्टसमोर उभेच राहिले. मोठ्या पडद्यावर मॉड्युलर किचन चमकत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, जमाना कुठं चालला, अन् तुम्ही त्या डबीले धरून बसले!"

"काहून नाही धरू? त्यायनं टीव्ही नाही देला गा, आपली भिंत घेतली." एवढं बोलून त्यांनी आपली डबी खिशात टाकली. गेटजवळचा जुना फळा काढून टाकला होता, तोही ते काखेत घालून वर घेऊन गेले. त्यानंतर ते सभेला आले नाहीत.

पाडव्याच्या आधी एका सकाळी ते गेले. मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती. मजकूर मंजुरीला दोन दिवस लागतील, म्हणाली. शोकसंदेश मोफत सूचनांमध्ये बसत नाही, श्रद्धांजलीचं वेगळं पॅकेज आहे, तेही पाठवू का, असं तिनं विचारलं. काकांना अकरा वाजता न्यायचं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलेली बातमी सुप्रभातच्या फुलांखाली गेली. लिफ्टसमोर किचन, कोचिंग क्लास आणि परत किचन चालू होतं. त्यासमोरूनच आम्ही त्यांना खाली आणलं. अठ्ठेचाळीस घरांची इमारत. घाटावर आम्ही सात जण होतो.

नंतर काकूंनी गॅलरीतून तो फळा आणून माझ्यापुढे ठेवला. "लाइट गेली तं कामी येईन म्हणत. आता तेरवीचं तरी लिहून द्या जी. लोकायले माहीतच नाही."

मी लिहिलं आणि टीव्हीखाली फळा टेकवून ठेवला. दुपारी सेक्रेटरींनी तो उचलून मीटरच्या खोलीत टाकला. पडद्याशेजारी दुसरी सूचना लावायची नाही असं करारात आहे, म्हणाले. मी करार काढून पाहिला. होतं तसं. मग मी फळा गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला, विटेवर उभा केला.

त्या महिन्याचं भाडं, दीड हजार रुपये, कंपनीनं सोसायटीच्या खात्यात वेळेवर भरलं. खडूच्या डब्याचे वीस रुपये कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी दिले, माझ्या खिशातून.