ओढ्याच्या अलीकडे

जगातल्या यच्चयावत सरहद्दींची काळजी आपण एकट्यानेच वाहायची आहे, असं पाथर्डीकडच्या आमच्या आत्याच्या यजमानांना मनापासून वाटे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दुपारी ते बाजेवर उताणे पडत आणि माळवदाला धरलेल्या धुराच्या डागांत देश बघत. डोळे अर्धवट मिटून म्हणत, "ह्यो कोपरा ज्याचा त्याला देऊन टाकावा." मग आत्या विचारायची, वाढू का, की वाटाघाटी चालूच आहेत अजून? शेजाऱ्याच्या शेळ्या ज्वारीत घुसल्या तर मामा दगड उचलत नसत; बांधावर उभं राहून आधी निषेध नोंदवत, मग शेळ्यांना विचार करायला वेळ देत. तेवढ्या वेळात शेळ्यांचं पोट भरे. पूर्वेला बांगलादेश झाला तेव्हा त्यांनी गावभर गूळ वाटला, जणू मध्यस्थी त्यांचीच होती.

गावात मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. ऐकायची ती ओढ्यापलीकडची वाडी. तिथली माणसं संध्याकाळी मामांच्या ओट्यावर रेडिओ ऐकायला बसत, आणि मामांचा सारा जीव त्या बैठकीत असे. त्याच वाडीने वेगळी ग्रामपंचायत मागितली. दिवाळीनंतर वाडी कोयते घेऊन कोपरगावाकडे ऊसतोडीला जायची, आणि गाव नेमकी तेव्हाच सभा भरवून विहिरीपासून रस्त्यापर्यंत सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचं. वाडी तुमचं ऐकते, तुम्हीच समजूत घाला, म्हणून सरपंचांनी मामांना पाठवलं. मामा धुतलेलं धोतर नेसून गेले आणि वाडीचेच होऊन परतले. चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांचं घर, त्यास्नी इचारा. आन् ती घरी असताना इचारा."

वाडी वेगळी झाली. तिने स्वतःचा रेडिओ घेतला आणि मामांचा ओटा ओस पडला. आत्या चिडली, हौसेने केलंत ना, आता बसा एकटे. मला मात्र मामांकडे बघवेना. मग तेच रोज ओढ्यापर्यंत जाऊ लागले. पलीकडून कुणी 'या' म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसत, कारण आता ते दुसऱ्याचं गाव होतं. हाक आली की धोतर सावरत लगबगीने जात.

पुढच्या दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा ते तिथेच उभे होते, सवयीने चपला हातात घेऊन. पाऊस न झाल्याने ओढा कोरडा ठणठणीत होता. पलीकडे दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. यंदा म्हातारी माणसंसुद्धा ऊसतोडीला गेली होती. उन्हं कलली होती. मी म्हणालो, "मामा, चला की पलीकडे. तिथं कुणीच नाही."

"म्हून तर जायचं न्हाई," ते म्हणाले.