आजींची पाठ

मी नर्सिंग शिकले तेव्हा इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधं आणि पेशंटशी दोन गोड शब्द, एवढं आलं की नोकरी निभायची. आता सगळं टॅबवर भरावं लागतं. ताप मोजायला लागतो त्याहून जास्त वेळ तो ताप टॅबवर चढवायला जातो. सोलापुरातल्या आमच्या हाडांच्या वॉर्डात एका पाळीला आम्ही दोघी, आणि त्यातली एक कायम टॅबच्या दावणीला. मी चिडायची. चिडले की माझा आवाज जिन्यापर्यंत जातो आणि तोंडी गावाकडची बोली येते.

त्यातच मोहोळकडच्या एक आजी दाखल झाल्या. गोठ्यात घसरून खुबा मोडलेला, वर साखर भलतीच वाढलेली. सर्जन म्हणाले, "साखर उतरेपर्यंत पडून पडून पाठीला जखम झाली नाही तर ऑपरेशन करू. झाली तर अवघड आहे." म्हणजे पाठ शाबूत राहिली तर आजी चालणार, नाहीतर अंथरुणाला खिळणार. दर दोन तासांनी त्यांना उचलून कुशीला टेका द्यायचा होता. बाई धिप्पाड, आम्हा दोघींना हलेनात.

भेटायला येणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. जीप भरभरून माणसं यायची, केळी ठेवायची आणि कॉटभोवती उभी राहून "कशा काय पडल्या?" हेच पुन्हा पुन्हा विचारायची. एका दुपारी माझं डोकं फिरलं.

"काय करताय हितं?"

"आत्तीला बघाया आलोय की, सिस्टर," एक भाचा म्हणाला.

"बघून पाठ बरी ऱ्हाती व्हय? चला, चादर धरा."

आजींच्या अंगाखाली घरचीच जाड सोलापुरी चादर होती. तिच्या कडा चौघांच्या हातात दिल्या, मोडका पाय मी स्वतः धरला. "मी म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम. कुणी शहाणपणा करायचा नाही." आजी अलगद वर आल्या. पाठ पुसली, उशी सरकवली. मग मी फर्मानच काढलं: भेटायला येईल त्यानं आधी हात धुवायचे आणि चादर धरायची. नुसते बघे आपोआप गळाले. उरलेले इतके तयार झाले की वेळ झाली की मलाच हाका मारायचे, "सिस्टर, टाइम झाला की!"

नर्सचं काम नातेवाइकांवर टाकावं, हे मला पटत नाही. माणसं भरा, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये भांडून सांगते आणि सांगत राहीन. पण भरती होईपर्यंत आजींची पाठ थोडीच थांबणार होती!

साखर उतरली. सर्जनांनी पाठ पाहिली, साधा लाल डागसुद्धा नव्हता. ऑपरेशन झालं.

वॉकर धरून आजी पहिल्यांदा उभ्या राहायला लागल्या, तेव्हा सवयीनं सगळे धावले. आजी खेकसल्या, "व्हा लांब! लई उचललं मला. आता माजी मी उभी ऱ्हाती."

आणि राहिल्या. मला इतका आनंद झाला की लहानपणी भावांकडून शिकलेली शिट्टी मी भर वॉर्डात, युनिफॉर्मवर असताना, जोरात वाजवली.