येडबामामांनी निवडलेला कॉम्प्युटर

आमच्या पेडगावात कुणालाही मेंढी, शेळी घ्यायची असली की तो आधी येडबामामांच्या अंगणात जाऊन बसायचा. मामांची हयात मेंढरं राखण्यात गेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जनावर त्यांच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. ताडकळसच्या बाजारात ते उजाडायच्या आत पोचत, म्हणजे विकणाऱ्यांनी मेंढरांना मीठ चारून पाण्यानं फुगवायच्या आधी. मग मेंढी चालवून बघत, चरताना बघत आणि शेवटी तिला भर दुपारी उन्हात उभी करून तिचा दम बघत. एवढं झाल्यावर हो किंवा नाही. तोपर्यंत बरोबर आलेल्या माणसाचा चौथा चहा व्हायचा.

१९९३च्या दिवाळीत दत्तरावांनी त्यांना असंच नेलं. दत्तरावांच्या घरी पाहुणे यायचे होते. "मामा, एसटी जाईल, उरका," असं ते सारखं मागं लागले. मामांनी त्या दिवशी दुपार बघितली नाही. बारा मेंढ्या आणल्या, आठ दिवसांत सात मेल्या. दत्तराव स्टँडवरच्या हॉटेलात चारचौघांत म्हणाले, "म्हाताऱ्याची नजर गेली." एसटीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मामांनीही काढलं नाही. त्यानंतर मामांना कुणी बोलवेना. बाजाराच्या दिवशी सकाळी ते एसटीच्या रस्त्याकडं पाठ करून बसायचे, हे मी शाळेत जाताना बघत होते.

मी गावातल्या शाळेत शिकवते. माझी मुलगी वैजयंता, आमची वैजू, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परभणीला एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडं कामाला होती. लग्नाच्या कॅसेटवर नवरा-नवरीची नावं टाकायची, मागं गाणी बसवायची, यासाठी त्याच्या कॅसेटी नांदेडला जायच्या आणि महिना महिना परत यायच्या नाहीत. वैजूनं ठरवलं की हे काम आपण घरी करायचं. तयार कॉम्प्युटर न घेता सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा. तिनं तीन पानांची यादी केली होती. भाग मिळणार हैदराबादला. ते बिघडले तर परभणीत दुरुस्त करणारा कुणी नाही, आणि एकदा घरी आणलेला माल हैदराबादचा दुकानदार परत घेत नाही. माझी झोप तेव्हापासून उडाली होती. त्यात एक दिवस वैजू म्हणाली, "आपण येडबामामांना बरोबर नेऊ."

"अगं, मेंढ्या आणायला चाललीस का?"

"आई, मला मशीन कळतं. विकणारा माणूस कळत नाही."

संध्याकाळी आम्ही मामांच्या घरी गेलो. त्यांची बायको कासाबाई ऐकून हसायलाच लागली. "मेंढरं सरली वाटतं जगातली! आता पेट्या बघायला चाललं माजं म्हातारं."

"मला त्यातलं काय कळायलंय, माय?" मामा वैजूला म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "बाई काय म्हनत्यात?"

"मी कुठं काय म्हणते? पण ऊन फार आहे मामा, तुमचं वय..."

"म्हंजी न्हाई म्हनायलाव." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरं सांगा बाई. तुमाला बी दत्तरावची मेंढरं दिसायलीत."

मला तीच दिसत होती. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "येतो. पर एक हाय. घाई करायची न्हाई. गाडी गेली तर जाऊ द्यायची."

"कबूल," वैजू म्हणाली. मीही मान हलवली. गाडी जाईपर्यंत ते खरंच बसतील असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

निघताना वैजूनं एक कॅसेट घेतली. कासाबाई गावातल्या लग्नांत हळदीची गाणी म्हणायच्या, त्यातलं एक मोठं गाणं तिनं त्यावर भरलं होतं. मशीनवर आवाज कसा उतरतो ते बघायला आपल्याच माणसाचा आवाज बरा, असं ती म्हणाली. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, दोन कुलपं, एक साखळी आणि तापाच्या गोळ्या घेतल्या. पूर्णेला गाडी बदलून आम्ही सकाळी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरलो.

कोठी भागातल्या एका गल्लीत कॉम्प्युटरच्या भागांची दुकानं होती. पहिल्या दुकानातला माणूस फार गोड बोलत होता. वैजू यादी वाचत होती, तो मालाचं कौतुक सांगत होता. पाच मिनिटांत मामा उठले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "का हो?"

"त्यो मालाकडं बगतच न्हवता. आपल्याच तोंडाकडं बगायला होता. इकनारा जनावराकडं बगत आसंल तर बसावं, आपल्याकडं बगायलाय तर उठावं."

दुसरं दुकान गफ्फारसेठचं. ते एका कार्डाच्या पट्ट्या खोडरबरनं पुसत बसले होते, आम्ही आलो तरी त्यांनी मान वर केली नाही. मामा लगेच स्टुलावर बसले. तरुणपणी मेंढरं घेऊन ते हैदराबादपर्यंत यायचे, त्यामुळं तिथली बोली त्यांच्या तोंडात होती. त्यांनी लोखंडी कॅबिनेट उचलून बघितलं, आत हात घातला, वास घेतला.

"मामू, ये बकरा नहीं है," गफ्फारसेठ म्हणाले.

"बकरा रहता तो दाँत गिन को अब तक घर को गया रहता, सेठ."

गफ्फारसेठ हसले आणि चहा सांगितला.

यादीत एके ठिकाणी वैजू अडली होती. जास्त वेगाचा प्रोसेसर घ्यावा की मोठी हार्ड डिस्क, दोन्ही जमणार नव्हतं. तिनं मामांना समजावून सांगितलं की एक म्हणजे मशीनचं पळणं आणि दुसरं म्हणजे आवाज, चित्रं साठवायची जागा.

"तुज्या कामाला काय जास्त लागतंय?"

"गाणी फार जागा खातात मामा."

"मग मेंढरं कोंडायचं वाडगं मोटं घे. मेंढरू जरा हळू चाललं तर चालतंय. बसायला जागा नसंल तर एकमेकाला तुडवून मरतेत."

वैजूनं मोठी डिस्क घेतली. ती चारशेवीस एमबीची होती. "नाव काय बरं न्हाई," मामा म्हणाले, "पर ऱ्हाऊ द्या."

आवाजाचं कार्ड, व्हिडिओवर नावं उमटवायचं कार्ड, मेमरीच्या पट्ट्या, मॉनिटर असं सगळं निघालं. गफ्फारसेठनी ते टेबलावर जोडलं, पडदा उजळला. कासाबाईंचं गाणं वैजूनं मशीनमध्ये भरून घेतलं आणि परत वाजवलं. स्वच्छ आवाज. साडेदहा वाजले होते. मी सुटकेचा निःश्वास टाकून पिशवी उचलली.

"बसा बाई," मामा म्हणाले. "आता कुटं सकाळ हाय. सकाळी काय, मरायला टेकलेलं बी उबं ऱ्हातंय." आणि गफ्फारसेठना म्हणाले, "सेठ, ये दिन भर चलने दो. और पंखा बंद करो."

"क्या बाताँ करते मामू! मई का महीना है!"

"इसके वास्तेच तो बोल रौं. हमारे गाँव में पंखा कहाँ का? जिस रान में चरना है, उसी रान में देखना."

गफ्फारसेठनी वैजूकडं बघितलं. ती म्हणाली, "चाचा, सही बोल रहे हैं ये. गरम होने के बाद ही असली बात समझेगी." त्यांनी पंखा बंद केला. मामांनी उठून रस्त्याकडचं दार अर्धं ओढून घेतलं आणि टेबल जरा उन्हाच्या बाजूला सरकवायला लावलं.

पुढचे सहा तास मी विसरणार नाही. कासाबाईंचं हळदीचं गाणं त्या बंद दुकानात संपत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. गफ्फारसेठ बनियनवर बसले. दुपारपर्यंत पहिली ओळ ते स्वतःच गुणगुणायला लागले. मी पुठ्ठ्यानं कधी वैजूला वारा घालत होते, कधी स्वतःला. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले.

परतीची गाडी साडेपाचला होती. चार वाजता मला राहवलं नाही. "मामा, चांगलं चालतंय की. आता बांधून घेऊ. गाडी जाईल."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. दत्तराव नेमकं हेच म्हणाले होते, हे मला बोलून गेल्यावर आठवलं. मी पिशवी खाली ठेवली.

साडेचारला मामा एकदम ताठ बसले. "थांबा. कासी तितं दम घेत न्हाई."

"काय झालं मामा?"

"पुन्ना लावा."

वैजूनं गाणं मागं नेलं. मला काहीच कळलं नाही. मामांनी बोट वर केलं, "हितं! हितं ती थांबली. चाळीस वर्सं ऐकतोय. ती ही सगळी ओळ एका दमात म्हनती."

गफ्फारसेठ म्हणाले की कॅसेटमध्येच तसं असेल. वैजूनं टेपरेकॉर्डरवर मूळ कॅसेट लावली. ओळ अखंड होती. मशीनवर लावली की मध्ये डोळ्याची पापणी लवेल एवढा खंड पडायचा. तिनं पंखा लावायला सांगितलं. पंधरा मिनिटांत खंड गेला. पंखा बंद केला, खंड आला, आणि थोड्या वेळानं पडदाच थिजला.

"तापल्यावर मेमरी दगा देते," वैजू म्हणाली. "मामा, हे घरी नेलं असतं तर?"

"नेलं न्हाई ना? मग घाबरायचं कशाला?"

गफ्फारसेठनी वाद न घालता दुसऱ्या पट्ट्या काढल्या. त्या बसवून म्हणाले, "मामू, कल फिर दिन भर?"

"हौ. कल फिर."

गाडी गेली. रात्र धर्मशाळेत काढली, माझी साखळी आणि दोन्ही कुलपं कामाला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पंखा, अर्धं दार आणि कासाबाई. दिवस मावळेपर्यंत त्यांनी एकदाही चुकीच्या जागी दम घेतला नाही. तेव्हा मामा म्हणाले, "बांदा."

पेडगावला वैजूनं तीन दिवस खपून मशीन जोडलं. चालू करायच्या दिवशी आमच्या ओसरीवर निम्मं गाव होतं. मागं खांबाला टेकून दत्तरावही उभे होते. पडद्यावर वैजूनं 'कासाबाई, पेडगाव' अशी अक्षरं आणली, भोवती फुलं फिरवली आणि गाणं लावलं.

"आगं माय, म्या एवड्या मोट्यानं म्हनते?" कासाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या.

"दोन दिवस ऐकलं म्या," मामा म्हणाले. "हैदराबादला सेठलाबी पाठ हाय आता."

लोक हसले. वैजूनं मग पंख्याची आणि त्या खंडाची गोष्ट सांगितली. ती सांगत असताना मला राहवेना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि मी गाडीची घाई करत होते. मामांनी ऐकलं नाही, म्हणून हे मशीन चालतंय."

दत्तरावांनी मान चोळली. ते खाली बघून म्हणाले, "म्या बी एसटीची घाई केल्ती बाई. माजं मामांनी ऐकलं."

मामा पडद्याकडंच बघत राहिले. दत्तराव पुढं येऊन त्यांच्याजवळ बसले.

"मामा, येत्या बाजाराला ताडकळसला चलता का? चार मेंढ्या घ्याव्या म्हनतो."

"एसटी कितीची हाय?"

"जाऊ द्या की एसटी. मुक्काम पडला तर पडू द्या."

मामांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मग दोन येळच्या भाकरी बांदून घ्या, दत्तराव. आन् पान्याची घागर बी. म्या दुपार बगितल्याबिगर उटनार न्हाई."