म्हातारीच्या बादलीतलं पाणी

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला नाही, आणि शाळेतल्या ज्या मैत्रिणीपाशी मी सासरची सगळी गाऱ्हाणी सांगते तिलाही नाही. गोष्ट एका माशाची आहे, त्यामुळे तुम्ही हसाल. हसा. मीही पहिले काही दिवस स्वतःला हेच समजावत होते — मासाच तर होता.

माझे सासरे, आमचे अण्णा, मूळचे होटगीचे. रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर सोलापुरात आमच्याकडे राहायला आले आणि महिनाभरात हॉलमध्ये काचेची टाकी आली. चार गोल्डफिश आणले होते, तीन लगेच गेले. उरलेला अकरा वर्षं जगला. तळहाताएवढा झाला, रंग उडून पांढुरका पडला. अण्णा त्याला 'म्हातारी' म्हणायचे. नर होता की मादी, देव जाणे.

मला म्हातारीचा राग नव्हता — असं लिहिलं आणि थांबले. खोटंच लिहायचं तर बसले कशाला? राग होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी पिंपापासून तांब्यापर्यंत सगळं भरून मग शाळा गाठायची. त्यात एक मोठी बादली म्हातारीची. नळाच्या पाण्यातलं औषध माशाला सोसत नाही, म्हणून ते पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग वापरायचं. घरोघरी ताजं पाणी आलं की शिळं ओतून देतात. आमच्याकडे शिळं पाणी जपायचं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात म्हातारी आजारी पडली. पोट फुगलं, खवले उभे राहिले, एका अंगावर कलून तरंगायला लागली. मासे विकणारा दुकानदार अण्णांना म्हणाला, वय झालंय तिचं, पण करून बघा. टबात वेगळी ठेवा, रोज निम्मं पाणी बदला, नव्या पाण्यात चमचाभर खडेमीठ विरघळवा, उकडलेला वाटाणा सोलून घाला. अण्णांनी ड्यूटी लागल्यासारखं सगळं केलं. चमच्यातलं मीठ बोटाने सपाट करायचे. वाटाणा चिमटीत धरून, पाण्यात हात घालून बसायचे. आठवड्याभराने ती सरळ पोहायला लागली, एक वाटाणा खाल्ला. अण्णांनी मला हाक मारून दाखवलं. मी "छान" म्हटलं आणि पोळ्या करायला परत गेले.

पुढच्या रविवारी नळ वेळेवर आला नाही. भांड्यांचा ढीग पडला होता. अण्णा फिरायला गेले होते. मी म्हातारीची बादली उचलली आणि भांडी घासली, उरलेल्या पाण्यात फरशी पुसली. अकराच्या सुमाराला नळ आला. सगळं भरलं, तीही बादली भरली. नेहमी जेवढी असायची तेवढीच, आणि नेहमीच्याच जागी ठेवली. इतकं नीट का ठेवलं मी? चुकून झालं असतं तर एवढी काळजी घेतली असती का?

चार वाजता अण्णा चमचा घेऊन आले. बादलीत बघत म्हणाले, "शिळंच हाय न्हवं हे?"

"बुधवारचं आहे," मी म्हणाले.

मला माहीत होतं. अकरा वर्षं ऐकत होते. 'वापरलं हो मी' एवढं म्हणायचं होतं. ते रागावले नसते, गप्प बसले असते. एक दिवस पाणी बदललं नसतं तर काही बिघडलंही नसतं. मला ते गप्प बसणं नको होतं, एवढंच. आणि मनात आलं, त्या माशाला काय कळतंय ताजं नि शिळं.

कळलं तिला. दहा मिनिटांत वर येऊन तोंड उघडमीट करायला लागली. मग टबाच्या कडेवर आपटायला लागली. हॉलमधल्या टाकीत जुनं, चांगलं पाणी तसंच होतं. तेव्हाही मी बोलले असते तर अण्णांनी तिला उचलून तिकडे सोडलं असतं. मी तिथेच उभी होते, हातात फडकं घेऊन. तासाभराने ती अण्णांच्या ओंजळीत गेली.

आता जे सांगायचं ते इथून पुढे आहे. अण्णांनी दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, मीठ जास्त पडलं का? अण्णांनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"वैशाली, मी दोनदा घातलं का गं मीठ?"

त्यांनी एकदाच घातलं होतं. बोटाने सपाट करून. मी बघितलं होतं.

"माझं लक्ष नव्हतं, अण्णा," मी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी टाकी देऊन टाकली. मग गॅस पेटवणं सोडलं. कुलूप लावलं की मला बघायला सांगायचे. सकाळचं इन्सुलिन ते कितीतरी वर्षं स्वतः घ्यायचे, तेही एक दिवस माझ्यापुढे धरलं — तूच दे, माझा भरवसा न्हाय. नवरा म्हणाला, वयाने होतं असं. मी मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी ते सदरा वर करून बसतात आणि सिरिंजवरचा आकडा बघतसुद्धा नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांना तपासायला नेलं होतं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितले, काही आठवायला दिलं, आकडे उलटे म्हणून घेतले. म्हणाले, हात स्थिर आहे, डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय, मग इंजेक्शन स्वतः का घेत नाही? पुन्हा सुरू करा.

"न्हाय साहेब," अण्णा म्हणाले. "माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय. मासा मारलाय मी, दुप्पट मीठ घालून."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं.

"राहू द्या, डॉक्टर," मी म्हणाले. "मीच देते. मला सवय झाली आहे."